लाइन बंद आहे

चाचणी केंद्रातल्या इंजिनियरबाईंनी तिसऱ्यांदा मेन स्विच बंद केला. बाहेरची लाइन बंद झाली की छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टरही आपोआप थांबायला हवा. चाचणीला आलेला हा मात्र उलट लाइनमध्ये वीज सोडतच राहिला.

“खांबावरचा लाइनमन जिवानिशी जाईल रे,” बाई म्हणाल्या.

समोर कंपनीचा माणूस होता. सरकारने नेमलेल्या सहा तपासनिसांना बाईंनी दोन वर्षं खपून तयार केलं होतं. सहाही जणांना कंपन्यांनी जास्त पगार देऊन उचललं. हा त्यातलाच एक.

“कळतंय मला, मॅडम. तुम्हीच शिकवलंत. पण नापास कुठल्या नियमाने करणार? तुमच्या नव्या नियमाचा मसुदा तर अजून मंजूर नाही.”

बाईंनी केंद्राच्या साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, “कागदावर नाही त्या नियमाने माल अडवता येत नाही. सही करून टाका.”

बाईंनी सही केली. मग थोरल्या भावाला फोन केला.

“दादा, यापुढे लाइन बंद केली तरी ती बंद आहे असं धरू नकोस.”

“अगं, मग खांबावर चढू कशाच्या भरवशावर?”