जाड दांडा

फाउंटनला गोळीबार झाला आणि त्यातला एक जखमी इस्पितळाच्या वाटेवर मागच्या सीटवरच गेला, त्या दिवसापासून सीतारामची टॅक्सी रिकामी असली तरी वळणावर झुकायची, मागे कुणीतरी कलंडल्यासारखी. गिऱ्हाईकं घाबरून उतरायची.

लालबागच्या गॅरेजात कुशाबाने मागच्या चाकांमधला तोल धरणारा दांडा काढला आणि त्याहून जाड बसवला. "हा लवायचा नाही," तो म्हणाला.

दोघांनी चक्कर मारली. गाडी सरळ वळली. सीतारामला हायसं वाटलं. हातात नारळ धरून त्याने कोकणातल्या रीतीने गाऱ्हाणं घातलं, "ह्या गाडयेत जो कोण बसात, तेका सुखरूप घराक पोचव रे महाराजा!"

यावर जमलेल्यांनी होकार द्यायचा असतो. पण कुशाबा घाटावरचा. त्याला ही रीत ठाऊक नव्हती.

रिकाम्या मागच्या सीटवरून सुटकेचा सुस्कारा आला, आणि मग आवाज, "व्हय महाराजा!"