सोल म्हणजे जिवंत माणूस

मुलाचं जहाज वादळात सापडल्याचं कळल्यापासून घरात कुणाच्या घशाखाली घास उतरला नव्हता. दुपारी कंपनीतून फोन आला. आप्पांना कमी ऐकू येई, म्हणून त्यांनी तो स्पीकरवर घेतला. पलीकडचा माणूस भरभर इंग्रजीत बोलत होता. सुनेला त्यातला एकच शब्द कळला आणि ती मटकन खाली बसली.

"आप्पा, ते 'सोल्स' म्हणाले. सोल म्हणजे आत्मा ना? म्हणजे सगळे गेले?"

जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेले आप्पा तिच्याजवळ टेकले. "अगं वेडे, जहाजावरच्या जित्याजागत्या माणसांनाही सोल्सच म्हणतात. इतके सोल्स म्हणजे इतकी हाडामांसाची माणसं."

"खरंच?"

"शब्दकोश काढून दाखवू?"

सुनेने डोळे पुसले. लेकीला भरवायला ती आत गेली आणि तिच्याबरोबर स्वतःही चार घास जेवली.

आतून ताटाचा आवाज येऊ लागला, तशी मुलाची आई आप्पांजवळ आली. तिला इंग्रजीचा गंध नव्हता.

"अहो," तिने हळूच विचारलं, "मग फोन ठेवताना तो सॉरी का म्हणाला?"