पितळी बक्कल

आंब्याच्या बागेत मेटल डिटेक्टर वाजला. मी खणलं, तर पट्ट्याचं जुनं पितळी बक्कल लागलं.

"एखाद्या इंग्रज शिपायाचं असेल," काका घाईनं म्हणाले. "टाक परत. मेलेल्याची वस्तू घरात नको."

मी ऐकलं नाही. घरी येऊन ते चिंचेनं घासलं. मागे, भांड्यांवर घालतात तसं, टिंबाटिंबांनी नाव होतं. माझ्या बाबांचं. आई दिसेल त्या वस्तूवर नाव घालून घ्यायची.

वीस वर्षांपूर्वी बाबा मस्कतला गेले ते हाच पट्टा लावून. काकाच त्यांना एसटीत बसवून आले होते. निदान ते तसं सांगतात.

पाठीमागे दाराची कडी लागल्याचा आवाज आला.

"दिसलं का नाव?" काकांनी विचारलं.