ओळंबा हलतो

"हलतोय," मिस्त्री म्हणाले. "ताई, आजही खालीच."

शाळेच्या भिंती दुरुस्त करायला सगळे आपणहून आलेले, पैसा नाही की काही नाही. पण मिस्त्रींचा नियम म्हणजे नियम! परांचीवर चढायचंय ना, मग आधी ओळंबा धरून दाखवा. दोरीच्या टोकाचं ते वजन जरा जरी हललं, तरी तुम्ही खाली, विटा भिजवायला. आणि ताई तर हक्काची सुट्टी टाकून आलेली. गिलावा असा करायची की बघतच राहावं! पण झोप? पाल चुकचुकली तरी ही टक्क जागी. त्यात सगळ्या बायकांना मिळून एकच खोली, आणि शेजारच्या चटईवर स्वयंपाकवाल्या मावशी. त्यांचं घोरणं म्हणजे ट्रॅक्टरच हो!

"झोप का होत नाही तुमची?"

"डास," ताई म्हणाली. मावशींचं नाव? छे, जीव गेला तरी घेणार नाही.

"उद्याही हलला तर घरी जायचं. वरून कुणी पडलेलं मला चालणार नाही."

मावशी तिथेच चहा गाळत होत्या. त्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओळंबा नुसता झोके घेत होता. ताईचे डोळे लालभडक. आणि मावशींचेही! चहात चक्क मीठ पडलं होतं त्यांच्या हातून.

"आज पण डास?" मिस्त्रींनी विचारलं.

ताई रडवेली झाली. "मावशी रात्रभर घोरल्याच नाहीत हो. म्हटलं, यांना काही झालं की काय! सारखी उठून नाकाशी बोट धरत होते."

"अगं भवाने!" मावशींनी कपाळावर हात मारून घेतला. "तुला झोप लागावी म्हणून मी डोळे मिटून जागी पडलेले! आणि तुझं बोट आलं की श्वास रोखून धरायचे. म्हटलं, घोरले की काय मी!"

मिस्त्रींनी खोकून हसू दाबायला बघितलं. जमलं नाही. "दोघी आत जा आणि झोपा. आजचा स्वयंपाक आम्ही करतो, काय होईल ते होईल."

दुपारी ताई बाहेर आली. केस विस्कटलेले, गालावर चटईचे वळ.

"एवढ्या आवाजात झोप लागली?"

"आवाज येत होता ना," ती म्हणाली. "म्हटलं, आहेत."

तिनं हात लांब करून ओळंबा धरला. मागे खोलीत मावशी अजून घोरत होत्या, खिडकीची काच थरथरत होती. ओळंबा जागचा हलला नाही.