बैलाचं शिंग

“पडदा ओढू नका मॅडम. म्या हितंच थांबणार,” बेगमबी म्हणाली आणि पलंगाच्या पायथ्याशी भिंतीला हात टेकून उभी राहिली.

शिवप्रियाच्या कपाळाला आठी पडली. धाराशिवच्या या हार्ट क्लिनिकात ती सोनोग्राफी करायची. हृदय, मानेच्या नसा, पायाच्या शिरा, पोट, डॉक्टर लिहून देतील ते. माणसंही आपल्याला आतनं-बाहेरनं कळतात असा तिचा समज झाला होता. ही बाई तर तिला बघताक्षणीच कळली होती. निकाहच्या आधी होणाऱ्या सुनेचं हृदय तपासून घ्यायला आलेली सासू. बाजारात गाय घेताना दात बघतात, तशी. जिना चढतानासुद्धा दोनदा थांबून मागं वळून बघत होती, पोरीला कुठं धाप लागते का ते.

पोरगी म्हणजे जास्मिन, बेंबळीची. डाव्या कुशीवर निजली होती, ओठ घट्ट मिटून. छातीवर प्रोब टेकला तसं तिचं काळीज स्क्रीनवर धडधडायला लागलं, जरा जास्तच.

मघाशी बाहेर तिच्या आईनं शिवप्रियाला गाठलं होतं. “मॅडम, लेकराच्या दिलात छिद्र व्हतं. लहानपणीच सरकारी योजनेतनं बुजवलंय, छत्री बसवून. मांडीतनं नळी घातली, वरून एक ओरखडासुदीक न्हाय. कुणाला ठाव न्हाय. फकस्त तुमाला दिसंल. जुम्म्याला निकाह हाय. हात जोडते, तोंड उघडू नका.” मी कुणाला काही सांगत नसते, जे सांगायचं ते डॉक्टर पेशंटला सांगतात, असं शिवप्रिया म्हणाली होती. तेवढ्यानं आईचं समाधान झालं नव्हतं. ती दाराच्या फटीत उभी होती.

आणि छत्री दिसलीच. हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीत, पांढरीशुभ्र. आंधळ्यालाही दिसावी अशी. शिवप्रियानं हळूच स्क्रीन आपल्याकडं वळवली. बेगमबी दोन पावलं पुढं आली. शिवप्रियानं अजून वळवली, तर बाई वळसा घालून थेट तिच्या पाठीशी येऊन उभी राहिली. तिचा श्वास मानेजवळ ऐकू येत होता.

“ते पांढरं काय हाय?”

“डॉक्टर सांगतील, मावशी.”

“डॉक्टर मला कशाला सांगत्याल? तुमी सांगा.”

“मी सांगत नसते. तुम्ही बाहेर बसा बरं.”

“म्हंजे हाय कायतरी.”

एक शब्द निसटला की पोरीचं ठरलेलं मोडणार, आणि बेंबळीपासून सासरच्या भूमपर्यंत बोभाटा होणार. बरं, धडधडीत खोटं बोलावं तर ते जिभेवर येईना. शिवप्रियाला त्या बाईचा मनापासून राग आला.

“मंगणीच्या दिवशीच म्या वळखलं,” बेगमबी बोलतच होती. “हिनं पाण्याची घागर उचलली, तर हिची आई धावत आली आन् हातातनं काढून घेतली. धडधाकट पोरीच्या हातातनं कोण घागर काढून घेतंय का?”

दारात हुंदका फुटला. जास्मिननं मान वळवली नाही. भिंतीकडं बघतच ती बोलली.

“छत्री हाय ती. माझ्या दिलात छिद्र व्हतं, ते बुजवलंय. अम्मीनं लपवलं, मला लपवायचं नव्हतं. आता मोडायचं तर मोडा.”

तिची आई दारातच मटकन खाली बसली.

बेगमबी जागची हलली नाही. “गळतंय का आजून?”

शिवप्रियानं जास्मिनकडं पाहिलं. तिनं मान हलवून सांगा म्हटलं. शिवप्रियानं रक्ताचा प्रवाह रंगात आणला, पुन्हापुन्हा बघितला. “थेंबभरही गळत नाही. तुमच्या-माझ्यासारखं ठणठणीत काळीज आहे तिचं,” ती टोचून म्हणाली.

“माझ्यासारखं नगं,” बेगमबी म्हणाली.

दाराशी जाऊन तिनं विहिणीला हाताला धरून उठवलं, बाहेर बसवलं आणि आत येऊन कडी लावली. तेवढ्यानंही तिला दम लागला. “सरक पोरी,” म्हणून ती पलंगावर टेकली आणि ब्लाऊजचे हुक काढायला लागली. “मॅडम, आता माझं बगा.”

डाव्या छातीखालून पार पाठीपर्यंत एक जुना, पांढरा पडलेला व्रण गेला होता. अशी ऑपरेशनं आता कुणी करत नाही. हृदयाची झडप अरुंद झाली की पूर्वी बरगड्यांमधनं शिरून ती मोकळी करायचे. शिवप्रियानं प्रोब टेकवला. झडप पुन्हा आवळली होती, फार आवळली होती. जिन्यात ही बाई कुणाच्या धापेसाठी थांबत होती, ते तिला आता कळलं.

“घरात माहीत आहे?” तिनं हळू आवाजात विचारलं.

“न्हाय. लग्नाआधी झालं हे, सोलापुरात. माझ्या अम्मीनंबी लपवलं. नवऱ्यानं इचारलं तवा सांगितलं, लहानपणी बैलानं शिंग मारलं. मग कुठला दवाखाना? ह्यो नवरदेव, माझा इरशाद, घरातच झाला, सुईणीच्या हातनं. दम लागला तरी सांगायची चोरी. सांगितलं तर बैल खोटा पडतोय.”

जास्मिननं आपली ओढणी काढून तिच्या अंगावर टाकली. विचारावं की नाही, असं करत शेवटी विचारलंच. “मग... निकाह?”

“व्हनार की,” बेगमबी म्हणाली. “खरं भाईर काढाय आणली तुला, मोडाय न्हाय. एका घरात एक बैल बास झाला, पोरी.”