दाराबाहेर उभ्या बाई
कपड्यांच्या आमच्या कारखान्यात कटिंगला एक बाई आहेत. माझ्या केबिनच्या काचेत त्या दाराबाहेर उभ्या दिसतात, काखेत कागदाची गुंडाळी. मागे वळून बघावं, तर दारात कोणी नसतं. बाई आपल्या टेबलाशी मान खाली घालून कापड कापत असतात.

पहिल्या वर्षी त्या खरंच यायच्या. "साहेब, कापड वाचेल अशी आखणी केलीय. दोन मिनिटं बघता?"

"नंतर बघू," मी म्हणायचो. दहादा तरी म्हणालो असेन, बहुतेकदा त्यांच्याकडे न बघताच. मग त्या यायच्या थांबल्या. काचेतल्या मात्र रोज उभ्या राहिल्या.

आज मला राहवलं नाही. मी त्यांच्या टेबलाशी गेलो. "बाई, ती आखणी दाखवा ना."

"कुठली, साहेब?" आवाजात राग असता तरी बरं वाटलं असतं. कात्रीसुद्धा थांबली नाही.

मी केबिनच्या काचेकडे पाहिलं. गुंडाळी दाराशी ठेवून काचेतल्या बाई सावकाश निघाल्या होत्या. त्यांच्या मागोमाग अख्खा विभाग चालला होता. कोणीही वळून पाहत नव्हतं.

आणि इथे माझ्याभोवती सगळे मान खाली घालून काम करत होते.