पांढऱ्या कापडाचे दिवस

मायबापहो, जरा जवळ सरका. एका शिंप्याची आणि त्याच्यावर कावलेल्या बायकोची एवढीशी गोष्ट सांगतो.

शिंपी दुकानात डॉक्टरबाईंच्या पांढऱ्या कोटाला तुरपाई घालत बसला होता. बायको गोळ्यांचं पाकीट घेऊन समोर उभी. आज ते रिकामं व्हायला हवं होतं. आत नऊ गोळ्या शिल्लक.

तिनं विचारलं, तो सुईत दोरा ओवू लागला. पुन्हा विचारलं, तेव्हा कबूल झाला. पांढरं कापड हातात असलं की तो गोळी घेत नाही. गोळीनं रक्त पातळ होतं, सुई टोचली की थांबत नाही, कापड डागाळतं. आणि सुई टोचू नये म्हणून बोटात शिंप्याचं टोपण घातलं तर बोटाला काही कळत नाही. गोळी नसली की रक्त कसं चुटकीसरशी थांबतं, हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर स्वतःच्याच रक्ताचं कौतुक.

बायकोनं कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टरबाईंनी दोनदा समजावलं होतं. ह्याचं हृदय ठेका सोडून चालतं, रक्त आत एका कोपऱ्यात साचून राहतं. त्यात जखम भरून आणणारी द्रव्यं ह्याच्या रक्तात नको तितकी. बोटाची जखम मिटवतात, तशी साचल्या रक्ताची गाठ धरायलाही हातभार लावतात. ती गाठ सुटून डोक्यात गेली की अर्धं अंग लुळं.

"अगं, त्यांचाच कोट आहे," तो म्हणाला. "डागाळलेला कसा देऊ? परवापासून घेतो."

"परवा कोणाचं काम आहे?"

"नर्सबाईंचे कोट. सहा."

देवानं ह्या बाईला शब्द भरपूर दिले होते. त्या दुपारी ते संपले. तिनं त्याच्या हातातली सुई काढून घेतली, स्वतःच्या बोटात खुपसली आणि ते बोट कोटाच्या कॉलरवर दाबलं.

"पडला डाग," ती म्हणाली आणि पाण्याचा पेला पुढे केला. "आता घ्या."

त्यानं घेतली.

परवा सहा कोटांचं कापड पसरलं, तेव्हा ती आधीच त्याच्या शेजारी येऊन बसली होती, सुई घेऊन. तो गोळी शोधायला उठला.

मायबापहो, कधी एखाद्या डॉक्टरबाईंच्या कॉलरवर तांबूस ठिपका दिसला, तर नाक मुरडू नका. त्या बाईची आठवण ठेवा.